वडिलांचा व्यवसाय

धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, अर्ध्यावर आला होता आणि तुलारामच्या पायाची बोटं चिखलानं सडायला लागली होती. दरवर्षीच सडतात. बोटांच्या बेचक्यांत पांढरं पडतं, रात्री जवसाचं तेल चोपडून निजायचं आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात उतरायचं. त्याची तक्रार करावी असं त्याला कधी वाटलं नाही, कारण हा चिखल त्याचा होता. सातबाऱ्यावर नव्हता, पण भय्याजीच्या जिभेवर होता. आणि खैरटोल्यात भय्याजीची जीभ सातबाऱ्याहून जड होती.

भय्याजी म्हणजे तुलारामचा सासरा. तुलाराम पवनीकडचा, आईबाप लहानपणी गेलेला, काकाच्या घरी ढोरं राखून वाढलेला. भय्याजीनं त्याला आपल्या कामिनीसाठी पसंत केलं आणि घरीच ठेवून घेतलं. घरजावयाला गावात काय मान असतो ते सांगायला नको. "दूर जमाई फूल बराबर, गाव जमाई आधा, घर जमाई गधा बराबर, जब चाहा तब लादा," असं लग्नाच्या पंगतीतच कोणीतरी म्हणालं. भय्याजी वाढत होता. हातातली भाताची परात खाली ठेवून त्यानं त्या माणसाला पत्रावळीवरून उठवलं आणि सगळ्या मांडवासमोर सांगितलं, "हा माया घरचा गडी नाई, पोरगा होय. बोडीखालची बांधी याची."

बोडी म्हणजे गावामागचं लहान तळं, आणि तिच्या पाळूखालचं धानाचं वावर ती बांधी, भय्याजीच्या सगळ्या शेतातला सोन्याचा तुकडा. पाऊस रुसला तरी बोडीचं पाणी तिला मिळायचं. तेव्हापासून तुलारामनं त्या बांधीचे धुरे, म्हणजे कडेचे बांध, घातले, खेकड्यांची भोकं बुजवली, शेणखत डोक्यावर वाहिलं. आणि बांधीचा रोवणा संपला की बाया मालकाला धरून चिखल माखतात आणि जेवण मागतात, तेव्हा या बांधीत तुलारामलाच माखायचं असा भय्याजीचा हुकूम होता. इतर बांध्यांत भय्याजी स्वतः माखून घ्यायचा. दोन वर्षांमागं लकव्यानं त्याचं उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं, तरी हुकूम तोच राहिला. यंदा अक्षय तृतीयेला चार माणसांसमोर त्यानं अडखळत सांगितलं होतं की दिवाळी झाली की लाखनीला जाऊन बांधी जावयाच्या नावानं करून टाकू.  तुलाराम त्या दिवशी गोठ्यात जाऊन बैलांच्या पाठीवर हात फिरवत बसला होता.

"बाबा, संघपालदादाचा फोन होता," रुचिका बांधीतूनच ओरडली. ती बायांच्या ओळीत होती, पाठीवर मेणकापड, कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. "नागपूरच्या नर्सिंग कॉलेजचा फॉर्म सुटला म्हने. आजच या म्हने."

"जा ना गा," ओळीच्या टोकाची पार्वताबाई म्हणाली. रोवण्याच्या बायांची ती मुकादम. "पोरगी नर्स झाली म्हंजे आमच्या कंबरेले सुई तं फुकट मारून देईन."

बाया हसल्या. तुलारामनं हातातली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंडी ओळीत फेकली आणि बोडीच्या पाटात पाय धुवायला गेला.

संघपालचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान लाखनीत महामार्गाला लागून. ट्रक गेला की शटर थरथरायचं आणि बोलणं अर्ध्यात राहायचं. बाकावर सात-आठ माणसं बसलेली, कोणी पीकविम्याला आलेलं, कोणी आधारला. संघपाल पोरगा मोठा सरळ, शिकलेला, पण प्रश्न विचारताना सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा विचारायचा. त्याचाही इलाज नव्हता.

"सीईटीचा स्कोर सांग, रुचिका."

ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं सांग बाई, ट्रक जाऊन राहिला."

"एकसष्ट पर्सेंटाइल."

बाकावरच्या माणसांना पर्सेंटाइल कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. एकसष्ट म्हणजे पास, एवढं त्यांना पटलं आणि एकानं मानही डोलावली. संघपालनं मात्र मान डोलावली नाही. तुलारामला उन्हाळा आठवला. परीक्षेच्या आठवड्यात उन्हाळी धान कापून पडलं होतं आणि आभाळ भरून आलं होतं. त्यानंच पोरीला खळ्यावर बोलावलं होतं. "अभ्यास रातच्याले कर," म्हणाला होता. रात्री ती पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेली त्यानं पाहिली होती आणि उठवलं नव्हतं, थकली म्हणून.

"सरकारी यादीत नाई बसत हे," संघपाल म्हणाला. "पन हे ट्रस्टचं कॉलेज हाय. त्याईच्या काही जागा घरची स्थिती पाहून देतेत. फी नाई, होस्टेल नाई, काहीच भरा लागत नाई. आता घरचं नीट सांगा. कुटुंबप्रमुख कोन?"

"भय्याजी. माया सासरा," तुलाराम म्हणाला.

"त्याईचं तुमच्याशी नातं? इथं पर्याय हायेत. वडील, पती, भाऊ, मुलगा." त्यानं स्क्रीन खालवर केली. "जावई-सासरा नाई दिलं. 'इतर' लिवतो."

"लिव."

"वडिलांचा व्यवसाय?"

"शेतकरी," तुलाराम म्हणाला. रुचिकानं तोंड उघडण्याआधीच म्हणाला, आणि जरा ताठ बसून म्हणाला.

"शेती कोनाच्या नावानं?"

"मामाजीच्या. सासऱ्याच्या."

"तुमच्या नावानं काही?"

"माया नावानं... अजून नाई."

"मंग शेतकरी कसे, काका?" संघपालनं हे कुचकेपणानं विचारलं नव्हतं. पण बाकावरचा एक जण खाकरला, आणि त्या खाकरण्यात हसू होतं.

संघपाल खुर्ची सरकवून जवळ आला आणि आवाज खाली आणून समजावू लागला. भय्याजीच्या घरातलं कुटुंब म्हणून लिहिलं, तर भय्याजीची सगळी शेती या पोरीच्या घरची म्हणून मोजली जाईल आणि फॉर्म तिथंच मरेल. पण तुलारामचं रेशनकार्ड वेगळं आहे. वडील भूमिहीन शेतमजूर, सासऱ्याकडे कामाला, असं लिहिलं आणि तलाठ्याचा दाखला जोडला, तर जागा मिळण्यासारखी आहे. खोटं काहीच नाही त्यात.

"खोटं नाई," तुलाराम म्हणाला.

"नाई ना. तुमच्या नावानं एक डिसमिल नाई म्हंजे तुम्ही भूमिहीनच. अन एक गोष्ट, रुचिका, हे ध्यानात ठेव. तिथं होस्टेलच्या मॅडम तोंडी विचारतेत. मागच्या साली एका पोरीनं फॉर्मवर मजूर लिवलं अन तिथं जाऊन 'आमच्या शेतात' म्हनाली. नाव कटलं तिचं."

रुचिका बापाकडे पाहत होती. "बाबा, राहू द्या. मी लाखनीलेच बी.ए. करीन."

"बी.ए. करून का रोवना लावशीन?" तुलाराम म्हणाला. मग संघपालकडे पाहून, "लिव. मजूर लिव."

संघपालनं बटण दाबलं. इतक्या वर्षांचा चिखल त्या एका बटणाखाली गेला, पण दुकानात कोणाला काही वाटलं नाही. पुढच्या माणसानं आधार कार्ड पुढं केलं.

दाखल्यासाठी तलाठ्यानं जबाब मागितला. दोन शेजारी, आणि ज्याच्याकडे मजुरी करतो त्या शेतमालकाचा आंगठा. ऐकून कामिनीनं कपाळावर हात मारला.

"बाबाले हे ऐकवाल? मरून जाईन ना थो मानूस."

तिचा भाऊ इश्वर चहा पीत होता. नागपुरात कंपनीत होता, कंपनी बंद पडली तसा मागच्या वर्षी घरी आला. माणूस वाईट नव्हता. चिखलात उतरायचा नाही एवढंच. "ऐकवाचं कायले, भाऊजी?" तो म्हणाला. "बुड्याले दिसते का वाचाले? रेशनचं काम हाय म्हना अन आंगठा घेऊन घ्या."

कामिनीही तेच म्हणाली. सगळ्यांच्या सोयीची गोष्ट होती ती. पण तुलाराम अडला. ज्या माणसानं मांडवात परात खाली ठेवली, त्याचा आंगठा चोरून घ्यायचा हे त्याच्यानं होईना. "वाचून दाखवू," तो म्हणाला. "मी समजावीन त्याईले. पोरीसाठी हाय म्हनलं म्हंजे समजतीन." शहाणपण म्हणा की येडेपण, पण तो मनापासून तसं समजत होता.

चिंधू कोतवाल कागद घेऊन आला तेव्हा भय्याजी ओसरीवर बाजेवर पडला होता. कामिनी त्याच्या पाठीशी उशी लावून उभी राहिली. रुचिका दारात. चिंधूनं चष्मा लावला आणि कचेरीत वाचतात तसं सुरात वाचलं: "लिहून देतो की, तुलाराम हा इसम माझे घरी राहून माझे शेतात मजुरीचे काम करतो. त्याचे नावे कोठेही शेती नाही. माझे शेतीत त्याचा कोणताही हिस्सा नाही."

भय्याजीचा चांगला डोळा चिंधूवरून तुलारामवर आला.

"कोन... मजूर?"

"पोरीच्या फॉर्मसाठी हाय, मामाजी," तुलाराम बाजेजवळ उकिडवा बसला. "नुसतं लिवाचं हाय. असं लिवलं तं तिले फुकट जागा भेटते. बाकी काही बदलत नाई."

"कोनं... लिवलं?"

"मी लिवलं."

 भय्याजीच्या तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ आली, ती कामिनीनं पदरानं पुसली. मग एकेक शब्द उपसून काढावा तसा तो बोलला.

"किती रोजी... देल्ली मी तुले?"

तुलारामनं मान खाली घातली.

"सांग ना. पोरगा म्हून... ठेवलं व्हतं. चिंधू, तू व्हतास ना... मांडवात? एका मानसाले उठवलं मी... पंगतीतून. हा मजूरच व्हता तं... यानंच उठवाले पायजे व्हतं... मले."

"आबाजी, बाबानं माह्यासाठी..." रुचिकाला पुढं बोलवेना. ती रडायला लागली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. डावा हात पुढं केला आणि चिंधूच्या शाईच्या डबीत स्वतःच आंगठा बुडवला. कागदावर टेकवला तो इतक्या जोरानं की ठसा फाकला. "पोरीचं होऊ दे," म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून पडला.

 तुलारामला फार बोलायचं होतं. एवढ्या वर्षांत रोजी मागितली नाही, कारण मागायची गरज वाटली नाही. आणि ज्या दिवशी मजूर म्हणवून घेतलं त्या दिवशी पोरीशिवाय दुसरं काही डोळ्यांपुढं नव्हतं. पण आपल्यालाच पोरगा म्हणणाऱ्या माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तो उठला आणि बोडीखाली जाऊन धुऱ्याचं एक भोक बुजवत बसला. ते भोक फार मोठं नव्हतं.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही, कोणी कोणाला टोचून बोललं नाही. नुसत्या लहान लहान गोष्टी होत गेल्या. तुलाराम शेतातून आल्याशिवाय भय्याजी जेवत नसे, तो आता आधीच जेवून घेऊ लागला. किती बांध्या झाल्या, पाणी किती आहे, हे तो रोज विचारायचा, ते आता इश्वरला विचारू लागला. इश्वरला काही ठाऊक नसायचं. तो येऊन हळूच तुलारामला विचारायचा आणि परत जाऊन बाजेशी सांगायचा. तुलाराम सगळं नीट सांगायचा, एकही बांधी न चुकता. दिवाळी झाली की लाखनीला जायचं, हे कोणी पुन्हा बोललं नाही. कामिनीनं एकदा बापाजवळ विषय काढला, तर तो म्हणाला, "त्यानं लिवून देल्लं... हिस्सा नाई म्हून. मी कायले... खोटा पाडू त्याले?"

यादी लागली ती भरपावसात. संघपालचाच फोन आला. रुचिकाचं नाव होतं. कामिनीनं देवापुढं साखर ठेवली आणि पोरीच्या तोंडात घातली. भय्याजीनं नातीला बाजेशी बोलावून डोक्यावरून हात फिरवला, उशीखालून दुमडलेली नोट काढून दिली, आणि हसलाही. तुलाराम दाराशी उभा होता. त्याच्याकडे म्हाताऱ्यानं पाहिलं नाही. पोरीचं भलं झालं याचा आनंद तुलारामला झाला. पण तो आनंद ओल्या धोतरासारखा अंगाला चिकटून राहिला, त्याची ऊब काही लागली नाही.

बोडीखालची बांधी दरवर्षी शेवटी रोवायची असते. यंदाही शेवटीच आली. दुसऱ्या दिवशी रुचिकाला नागपूरला जायचं होतं, तरी ती आईचं न ऐकता ओळीत उतरली. दुपार कलायला आली तसा बांधीचा एकच कोपरा उरला. बायांचं गाणं चढलं. शेवटची पेंडी पार्वताबाईच्या हातात होती.

तेवढ्यात धुऱ्यावर इश्वर येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, हातात छत्री. त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं होत होतं. "बाबानं सांगतलं," तो तुलारामला म्हणाला. "बांधीवर जाऊन उभा राय म्हने. मी नाई म्हनत व्हतो, भाऊजी."

"राय ना गा," तुलाराम म्हणाला. "तुया बापाची बांधी होय."

पार्वताबाईनं शेवटचा चूड रोवला, कंबर सरळ केली आणि दोन्ही ओंजळींत चिखल घेतला. बायाही तशाच ओंजळी भरून हसत हसत तुलारामकडे वळल्या. दरवर्षी तो बोडीच्या पाळूकडे पळायचा, बाया घेरायच्या, तो मुद्दामच पाय घसरू द्यायचा. यंदा तो पळाला नाही. पऱ्ह्यांची रिकामी टोपली उचलून जागीच उभा राहिला.

"पळ ना गा, मालक," पार्वताबाई म्हणाली.

"तिकडं जा, पार्वताबाई. मालक धुऱ्यावर हाय."

हसू विरलं. दाखल्याची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, पण बायांना वाटलं होतं, कागद कागदाच्या जागी आणि चिखल चिखलाच्या जागी. पार्वताबाई ओंजळ धरून घडीभर मध्येच थांबली. बोटांतून चिखल गळत होता. मग ती इश्वरकडे गेली, आणि शर्टाला लागणार नाही अशा बेतानं त्याच्या गालाला एक बोट टेकवलं. इश्वरनं रुमाल काढला. जेवण कधी ते कोणी विचारलं नाही. गाणं धरायला कोणी तयार नव्हतं, आणि पाटातल्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

रुचिका मात्र हातातला चिखल टाकायला तयार नव्हती. ती रागानं लाल झाली होती. चिखल तुडवत बापाजवळ आली आणि दोन्ही हात त्याच्या तोंडाकडे नेले. "तुम्हालेच लावीन मी. कोन का म्हनते पाहू."

तुलारामनं टोपली खाली टाकली आणि तिची मनगटं धरली. ती झटापट करत होती. तो तिला तसंच धरून पाटापाशी घेऊन गेला, वाकला आणि तिचे हात पाण्यात बुडवून धुवायला लागला. नखांतला चिखल काढला. लहानपणी धुवायचा तसे एकेक बोट धरून धुतले.

"उद्या जायचं हाय तुले," तो म्हणाला. "मॅडम विचारतीन."

"मी नाई सांगनार."

"सांगा लागन. नाई तं हे सगळं फुकट जाईन. मी काहून लिवलं मंग?" त्यानं तिचे ओले हात आपल्या शर्टाला पुसले. "बोल. वडील काय करतेत?"

ती ओठ दाबून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो मनगट सोडत नव्हता.

"बोल ना, बाई."

"मजूर," ती म्हणाली.

"कोनाकडं?"

"आबाजीकडं."

"शेती?"

"नाई."

"मोठ्यानं," तुलाराम म्हणाला. "तिथं असं पुटपुटशीन तं त्याईले खोटं वाटन."

"माझे वडील मजूर आहेत. आम्हाला शेती नाही."

हे तिनं शाळेत कविता म्हणावी तसं, शुद्ध भाषेत, अगदी खणखणीत म्हटलं. बाया बांधीतच उभ्या होत्या आणि इश्वर धुऱ्यावर होता, सगळ्यांना ते ऐकू गेलं. तुलारामनं मान हलवली, तिचे हात सोडले आणि टोपली घ्यायला परत बांधीत उतरला.